निरोपाला एक जागा द्या

प्रति,
मा. विमानतळ संचालक,
कोल्हापूर विमानतळ, उजळाईवाडी

महोदय,



आपल्या विमानतळावरून परदेशात थेट एकही विमान जात नाही, हे ठाऊक असूनही परदेशप्रवासाबद्दलचे हे पत्र मी आपल्यालाच लिहितो आहे. जर्मनीला शिकायला निघालेली राजारामपुरीतली मुलगी, आखातात कामाला निघालेला कागलचा फिटर, नातवंड बघायला न्यू जर्सीला निघालेले आजी-आजोबा, यांच्यातले बरेचजण आता मुंबई, हैदराबाद नाहीतर बेंगळुरू गाठायला उजळाईवाडीहूनच विमानात बसतात. पुढची मोठी विमानतळे ते एकटे पार करतात. घरच्यांचा हात सुटतो तो आपल्या दारात.

त्या दारात मी पुष्कळदा उभा राहिलो आहे. गाडी थांबते, डिकीतून बॅगा निघतात, मागचा गाडीवाला हॉर्न देतो. आई मुलाच्या पाठीवरून हात फिरवते तोवर वडील गाडी पुढे घ्यायला गेलेले असतात. मुलगा मोबाइलवरचे तिकीट आणि ओळखपत्र जवानाला दाखवतो, आत जातो, काचेपलीकडून एकदा हात करतो. मग घरचे लोक तिथेच घुटमळतात, कुठे उभे राहावे ते त्यांना कळत नाही. विमान उडाले की नाही हेही त्यांना मोबाइलवरच कळते, तेही हायवेला लागल्यावर.

माझी मागणी छोटी आहे. सोडायला आलेल्या माणसांना उभे राहायला, बसायला आणि विमान उडताना डोळे भरून बघायला आपल्या आवारात एक जागा असावी. ती का असावी हे मात्र थोडे लांबून सांगावे लागेल.

परदेशी जाण्याचे कौतुक संपले, अशी हळहळ माझ्या वयाची माणसे नेहमी करतात. त्यांचे म्हणणे खरे आहे, पण नेमके काय संपले हे आम्ही चुकीचे सांगतो. विमानातले जेवण, हवाई सुंदरीने दिलेली गोळी, खिडकीतून दिसणारे ढग यांची नवलाई ओसरली म्हणून आम्ही हळहळतो. ती ओसरणारच होती. वर्षातून दोनदा सिंगापूरला जाणाऱ्याने दरवेळी ढगांकडे तोंड वासून बघावे, अशी अपेक्षा कशी करणार? माझ्या मते संपले ते जाणाऱ्याचे कौतुक नव्हे. मागे राहणाऱ्यांचा त्या प्रवासातला वाटा संपला.

१९७८ साली आमचा थोरला चुलतभाऊ शिकायला अमेरिकेला गेला, तेव्हा मंगळवार पेठेतली आमची सगळी गल्लीच एका अर्थाने निघाली होती. व्हिसाचे पत्र पोस्टमनने हातात दिले आणि पेढे तोही खाऊन गेला. गल्लीतल्या शिंप्याने कोट शिवला, कारण तयार कोट मिळत असला तरी आपल्या पोराने दुसऱ्याच्या हातचा घालून जावे हे त्याला मान्य नव्हते. तालमीने सत्कार केला, फेटा बांधला. स्थानिक दैनिकात पासपोर्टसाठी काढलेलाच फोटो ‘परदेशगमन’ या मथळ्याखाली छापून आला, आणि ते कात्रण काकूने देवघरातल्या पोथीत जपून ठेवले. काकूने अंबाबाईची ओटी भरली. घराघरातून आलेले डबे बॅगेत मावेनात: भडंग, मेतकूट, कांदा-लसूण चटणीचे तीन वेगवेगळ्या घरांचे तीन नमुने. कुणाचा ठेवायचा आणि कुणाचा वगळायचा यावरून घरात अबोला होण्याची वेळ आली. शेवटी काकांनी तीनही चटण्या एकाच बरणीत घातल्या.

महालक्ष्मी एक्सप्रेसला निरोप द्यायला स्टेशनवर इतकी माणसे जमली की त्याच गाडीने जाणाऱ्या एका नवरदेवाकडे कुणाचे लक्षच गेले नाही. मुंबईला दहा-बाराजण सोबत गेले. तेव्हा परदेशी विमाने सांताक्रूझहून उडत, सहारची इमारत व्हायची होती. तिथे वर एक सज्जा होता, तिकीट काढून जाता यायचे. रात्र होती. दिव्यांच्या उजेडात माणसे शिडीकडे चालत जाताना दिसत, पण इतक्या लांबून आपला कोणता हे ओळखायचे कसे? आमच्या आजीने निघण्यापूर्वीच त्यावर उपाय करून ठेवला होता. तिने त्याला पांढरा रुमाल दिला होता आणि शिडीच्या मधल्या पायरीवर थांबून तो हलव, असे बजावले होते. तो थांबला. त्याच्यामागची माणसेही थांबली. सज्जात दोन-तीनशे माणसे कठड्याला चिकटून उभी होती. त्यातल्या एका गुजराती बाईंनी आजीला विचारले, “कोण, तुमचा का?” आजी म्हणाली, “व्हय, आमचाच.” मग त्या बाईंनीही त्याला हात केला. विमान आवाज करत दूर पळाले, उचलले, त्याचा लाल दिवा दिसेनासा झाला, तरी सज्जातून लवकर कुणी हलले नाही. कोल्हापूरला परतल्यावर आजीने विमान कसे उडते हे पुढे कित्येक दिवस सांगितले. तिने आयुष्यात विमानात पाऊल ठेवले नाही, पण एक विमान तिने सोडले होते.

पुढे निळे एअरोग्राम येऊ लागले. एकच पातळ कागद, त्यालाच घडी घालून डिंक लावायचा, आत दुसरे काही घालायला बंदी. जागा संपली की भाऊ समासात उभे लिहायचा, मग डिंकाच्या पट्टीच्या आतल्या बाजूलाही. घाईने फोडला तर नेमक्या त्याच ओळी फाटायच्या, म्हणून फोडायचे काम काकांकडेच असे, दाढीच्या पात्याने. वाचून झाला की तो शेजारी जाई. त्यात बर्फाचे वर्णन असे, कपडे धुण्याच्या यंत्राचे असे, आणि मायदेशी काय चालले आहे याची चौकशी असे. सुट्टीवर आला तेव्हा त्याने स्लाइड्स आणल्या. भिंतीवर चादर ताणून बांधली, गल्लीने नायगारा बघितला. एका आजोबांनी “एवढं पाणी वाया जातंय व्हय?” म्हणून विचारले, आणि त्यावर तिथल्या वीजनिर्मितीची माहिती त्याला सगळ्यांना समजावून सांगावी लागली. एकाचा प्रवास शंभर जणांच्या वाट्याला यायचा तो असा.

आता कुणी म्हणेल, ही सगळी टंचाईची करामत. खरेच आहे. १९६७ पर्यंत या देशात पासपोर्ट देणे न देणे सरकारच्या मर्जीवर होते. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात धरला आणि मग पासपोर्ट कायदा झाला. तिकीट काढायचे तर रिझर्व्ह बँकेकडून ‘पी फॉर्म’ मंजूर करून घ्यावा लागे. सत्तरच्या दशकात परदेशी पाऊल ठेवलेले कितीतरी लोक खिशातल्या आठ डॉलरच्या गोष्टी अजून सांगतात. आज तीच रिझर्व्ह बँक एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर नेऊ देते. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो आणि जिनिव्हामार्गे पहिल्यांदा लंडनला गेले, तेव्हा त्यात जेमतेम पस्तीस प्रवासी होते, त्यांत राजे-महाराजे आणि बडे लोकच अधिक. त्या टंचाईचे गोडवे मला गायचे नाहीत. पासपोर्टसाठी पुण्याला खेटे घालणे संपले, पोस्टातल्या केंद्रात गावातच काम होऊ लागले, कर्ज काढून का होईना शेतकऱ्याच्या पोरीला बर्लिनचे विद्यापीठ गाठता येऊ लागले, हे फार चांगले झाले. या शहराने तर अगदी सुरुवातीपासून परदेशी जाण्याची किंमत मोजली आहे.

महोदय, ही किंमत किती मोठी होती हे आपल्या विमानतळावर येणाऱ्या प्रत्येकाला कळले पाहिजे असे मला मनापासून वाटते. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असे मानणाऱ्या काळात कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे दुसरे राजाराम, १८७० साली विलायतेला गेले. वय वीस. सुएझ कालवा उघडून वर्षही झाले नव्हते. इंग्लंडमध्ये ते राणी व्हिक्टोरियाला भेटले, पार्लमेंट बघितले, दादाभाई नौरोजींना भेटले, आणि रोज डायरी लिहीत राहिले. परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. त्या शहरात दहनाची पद्धत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, कास्चिने बागेच्या टोकाला त्यांच्यावर रात्री अग्निसंस्कार झाले. चार वर्षांनी तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. छत्रीखालचा रंगीत अर्धपुतळा अजून आहे. जवळच्या मोठ्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. महाराजांची डायरी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये लंडनला छापली. पहिल्यांदा समुद्र ओलांडणारा हा कोल्हापूरचा राजा घरी परतलाच नाही, आणि मागे राहिलेल्यांनी त्याला जाताना जे पाहिले तेच शेवटचे.

त्यानंतर तेरा वर्षांनी आनंदीबाई जोशी निघाल्या. त्यांच्या अमेरिकेची सुरुवातही कोल्हापुरातूनच झाली, हे आपल्याच गावात थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे पती गोपाळराव इथे टपाल खात्यात असताना अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. तो अमेरिकेतल्या एका नियतकालिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो वाचला आणि आनंदीबाईंना पत्र धाडले. त्या दोघींचे मावशी-भाचीचे नाते कागदावरच जुळले. आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतल्या, त्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या विभागावर नेमणूक घेऊनच. पण २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या बायाबापड्यांची ही डॉक्टर इथवर पोहोचलीच नाही. सीपीआरच्या दारावरून जाताना मला हे दरवेळी आठवते.

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले. केंब्रिजने त्यांना एलएल.डी. दिली. पण त्या प्रवासातली सगळ्यात मोठी गोष्ट इकडे घडली: २६ जुलै १९०२ च्या करवीर गॅझेटात मागास जातींसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा जाहीरनामा छापून आला, तेव्हा महाराज समुद्रापलीकडे होते. रोममधली जुनी प्रेक्षागारे बघून त्यांना खासबागेची कल्पना सुचली, असे कोल्हापुरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. खासबागेत कुस्ती बघायला बसलेला प्रत्येक गडी, कधी बेळगावच्या पुढे गेला नसला तरी, त्या प्रवासाच्या फायद्यात आहे.

आणि पैलवान खाशाबा जाधव. गोळेश्वरचे, पण राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, म्हणून आमचेच. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. १९५२ ला हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. लोकांनीही जमेल तशी वर्गणी दिली. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन खाशाबा परतले, तेव्हा त्यांच्या मिरवणुकीत १५१ बैलगाड्या होत्या असे सांगतात. त्या बैलगाड्यांतल्या माणसांनी हेलसिंकी नकाशातही पाहिले नसेल. पण वर्गणी त्यांची होती, म्हणून पदकातही त्यांचा वाटा होता.

२०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसहून नेमबाजीचे कांस्यपदक घेऊन आला, तेव्हाही कोल्हापूर रस्त्यावर उतरले. परतणाऱ्याला डोक्यावर घेणे आम्ही अजून विसरलो नाही. विसरलो ते जाणाऱ्याला सोडायला जाणे. कसे विसरलो, तेही डोळ्यांपुढे घडले आहे. मुलगी दुसऱ्या वर्षी सुट्टीवर येणार हे माहीत असते. पोहोचल्यावर दहा मिनिटांत व्हिडिओ कॉल येणार हेही माहीत असते. ती राहणार ती खोली, खोलीसमोरचा रस्ता, रस्त्यावरचे दुकान तिने आणि आईने मिळून फोनच्या नकाशात आधीच फिरून पाहिलेले असते. आमच्या वेळी करवीर नगर वाचन मंदिरात पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’चा आपला नंबर येईपर्यंत थांबावे लागे, आणि लंडन म्हणजे त्या पुस्तकात होते तेवढेच. आता आधीच सगळे दिसते. सगळे दिसते म्हणून कुणी विचारत नाही, आणि विचारत नाही म्हणून ती सांगत नाही. फोटो शेकडो येतात. एका फोटोभोवती दहा माणसे बसून तासभर बोलली असे होत नाही. शिवाय ती रोज दिसते म्हणून ती गेली आहे, हे आई-वडील स्वतःशीही कबूल करत नाहीत. माझ्या ओळखीत असे किती आई-वडील आहेत, ज्यांची मुले वर्षानुवर्षे बाहेर आहेत आणि ज्यांना आपण मुलाला नीट निरोप दिलाच नाही असे आता वाटते! निघायच्या दिवशी ते बॅगेचे वजन करत होते, वेब चेक-इनचा कागद छापत होते. बॅग तेवीस किलोत बसली याचाच आनंद मोठा होता.

म्हणून जागा हवी. नीट निरोप द्यायला थांबावे लागते, आणि थांबायला पाय टेकायची जागा लागते. सुरक्षेचे नियम कडक आहेत आणि ते असलेच पाहिजेत. आत कुणाला सोडा, असे मी म्हणत नाही. पण नियम सांभाळूनही हे जगात होते. टोकियोच्या हानेदा विमानतळावर गच्चीत बघ्यांसाठी सज्जे आहेत, लोक मुलांना घेऊन संध्याकाळी तिथे जातात. जर्मनीत म्युनिकच्या विमानतळाशेजारी खास टेकडी केली आहे, तिथून धावपट्टी दिसते. ही दोन्ही उजळाईवाडीहून कितीतरी गजबजलेली विमानतळे आहेत. आपल्याकडे दिवसाला मोजकीच विमाने उतरतात-उडतात आणि आसपास मोकळा माळ आहे. कुंपणाबाहेर, धावपट्टी दिसेल अशा ठिकाणी, पत्र्याची सावली, चार बाकडी, पिण्याचे पाणी, आणि गाडी अर्धा तास लावता येईल एवढी सोय. कोल्हापूरच्या वास्तुशैलीची आठवण देणारी कमानींची नवी इमारत २०२४ मध्ये उभी राहिली, तिच्यापुढे हा खर्च म्हणजे काहीच नाही. आणि हा विमानतळ मुळात लोकांसमोरच वाढलेला आहे. शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांनी १९३९ मध्ये तो सुरू केला, तेव्हा माळावर विमान बघायला गावे लोटली असतील यात मला शंका नाही. विमान बघायला माणसे येणे हा इथला जुना शिरस्ता आहे.

त्या सावलीच्या एका भिंतीवर वर सांगितलेले प्रवास लिहून लावावेत, एवढे आणखी मागतो. १८७० ची डायरी, फ्लॉरेन्सच्या छत्रीचे चित्र, आनंदीबाई, १९०२ चा जाहीरनामा, खर्डेकर सरांचे गहाण पडलेले घर. मोठमोठे शब्द नकोत, तारखा आणि नावे पुरेत. लेक जर्मनीला निघाली म्हणून कोपऱ्यात डोळे पुसणाऱ्या बाईला, या गावाने हे पूर्वीही केले आहे, एवढे तिथे वाचायला मिळावे.

मजकुराचे काम कोल्हापुरातल्या अभ्यासकांनी करावे, आणि ते आनंदाने करतील. वाचन मंदिरात, विद्यापीठात, घराघरांतल्या पेट्यांत साहित्य पडून आहे. आमच्या घरचे एअरोग्राम आणि स्लाइड्स मी आपल्या स्वाधीन करायला तयार आहे, आणि मंगळवार पेठेतच विचारले तरी आणखी दहा घरांतून निघतील. जागेच्या परवानगीसाठी कुठे अर्ज करायचा, कोणत्या खात्याकडे जायचे, सुरक्षा यंत्रणेच्या काय अटी आहेत, हे आपण कळवलेत तर पुढची धावपळ आम्ही काही लोक करू. वर्गणी लागली तर तीही गोळा होईल. या गावाला त्याची सवय आहे.

ऑगस्टमध्ये परदेशी विद्यापीठांत जाणाऱ्या मुलांची गर्दी सुरू होते. त्याआधी निदान सावली आणि बाकडी होतील का, हे कळावे.

आपला नम्र,
मंगळवार पेठेतला एक कोल्हापूरकर